ऑफिसच्या लॅपटॉपवर सोनारक्यूब टाकायचंय? तिकीट टाकण्याआधी हे तपासा

अंधेरी, पवई, बीकेसीत बँकांची कामं करणाऱ्या टीम्सना कोड तपासणी बऱ्याचदा स्वतःच्याच मशीनवर करावी लागते, कारण क्लायंटचा कोड बाहेरच्या सर्व्हरवर चढवायला करारात मनाई असते. कोडमधल्या चुका शोधणाऱ्या सोनारक्यूब या सॉफ्टवेअरची कम्युनिटी आवृत्ती मोफत आहे, पण ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकायची तर आयटीची मंजुरी हवी. आयटीकडे टाकायच्या तिकिटात, म्हणजे विनंतीत, नुसतं ‘सोनार हवंय’ लिहिलंत तर ते प्रश्न घेऊन परत येणार, हे धरून चाला.

आधी मशीन पात्र आहे का ते बघा. सिस्टिम ६४ बिटची हवी. सोनारक्यूब सुरू झालं की वेब, कोडचा हिशेब करणारं इंजिन आणि इलॅस्टिकसर्च (आतली शोधयंत्रणा) अशा वेगवेगळ्या जावा प्रोसेस चालू होतात. त्यामुळे ८ जीबी रॅमवर आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) आणि क्रोमसोबत ते रडतखडत चालतं; १६ जीबी मागा. जावा आवृत्तीप्रमाणे १७ किंवा २१ लागतं. प्रोजेक्टसाठी टाकलेलं जावा ८ इथे चालत नाही, आणि अर्ध्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

डिस्कचं दुखणं जरा छुपं आहे. ती ९५ टक्के भरली की इलॅस्टिकसर्च आपली इंडेक्स (शोधासाठीची सूची) फक्त वाचण्यापुरती ठेवतं आणि तपासणी अडते. जागा मोकळी करूनही अडलेलंच राहिलं तर सर्व्हर बंद करा, ‘डेटा’ फोल्डरमधला ‘ईएस’ने (es) सुरू होणारा फोल्डर तेवढा उडवा आणि पुन्हा सुरू करा, इंडेक्स नव्याने बनते. अख्खा ‘डेटा’ उडवू नका, सोबतचा एच२ डेटाबेस त्यातच असतो. तसा एच२ फक्त चाचणीपुरता आहे, त्यावरून पुढच्या आवृत्तीत जाता येत नाही. महिनाभराहून जास्त वापरणार असाल तर पोस्टग्रेस हा वेगळा डेटाबेस आताच मागून घ्या. मायएसक्यूएल चालत नाही.

तिकिटात आवृत्तीचा नेमका क्रमांक, अधिकृत झिपची लिंक, जावाची आवृत्ती, ९००० आणि ९००१ हे पोर्ट (फक्त त्याच मशीनपुरते) आणि मॅनेजरची मंजुरी द्या. झिप उलगडायला ॲडमिन हक्क लागत नाहीत, हेही लिहा. आयटीवाले निम्मे तिथेच शांत होतात. फोल्डरचं नाव मात्र आकड्याने सुरू करू नका.

लिनक्सवर किंवा विंडोजच्या डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवायची सोय) चालवणार असाल तर व्हीएम मॅक्स मॅप काउंट (vm.max_map_count, लिनक्सची मेमरीची एक मर्यादा) वाढवायची परवानगी वेगळी मागा. बऱ्याच लिनक्सवर तो मुळात ६५५३० असतो, इलॅस्टिकसर्चला किमान २६२१४४ लागतो. कमी असला की सर्व्हर उठता उठता बसतो, आणि कारण ‘लॉग्स’मधल्या ईएसच्या फाइलमध्ये सापडतं. लिनक्सवर रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून चालवलंत तरीही तो उठत नाही.

पहिलं लॉगिन ॲडमिन-ॲडमिन. पासवर्ड तिथल्या तिथे बदलावाच लागतो. मग टोकन बनवा, म्हणजे तपासणी चालवताना पासवर्डऐवजी द्यायची किल्ली. ते एकदाच दिसतं, लगेच कॉपी करून घ्या. प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये मात्र लिहू नका, ती गिटमध्ये जाते; एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा.