सेप्सिसोत्तर दुर्बलता व पुनर्लाभ

जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणे, ही सेप्सिसची २०१६ पासून रूढ झालेली व्याख्या. अतिदक्षता विभागातून वाचलेल्या रुग्णांत त्यानंतर कित्येक महिने, क्वचित कायमची, स्नायुदुर्बलता, विस्मरण, चिंता व खिन्नता आढळते.

दुर्बलतेचे मूळ मज्जातंतूंत की स्नायूंत, हा जुना वाद आहे. दीर्घ सेप्सिसमध्ये रुग्ण झपाट्याने रोडावतो, अशी नोंद प्रख्यात वैद्य विल्यम ऑस्लर यांनी १८९२ मध्येच केली होती. पुढे कॅनडातील लंडन (ऑन्टारिओ) येथे मज्जातंतुतज्ज्ञ बोल्टन व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये, श्वसनयंत्रावरून सुटू न शकणाऱ्या रुग्णांत मज्जातंतूंचे अक्षतंतूच (संदेश वाहून नेणारे लांब धागे) झिजल्याचे दाखवले. याउलट दम्याच्या तीव्र झटक्यानंतरची स्नायुविकृती १९७७ मध्येच वर्णिली गेली होती. तेथे संशय दम्यावर दिलेल्या स्टेरॉइडांवर होता. आता दोन्ही विकृती बहुधा एकत्रच असतात, हे मत अधिक ग्राह्य मानले जाते. तरीही भेद निरर्थक नाही: केवळ स्नायुविकृती असल्यास सुधारणा लवकर व बरीचशी पूर्ण होते, मज्जातंतू दुखावल्यास ती रेंगाळते.

खाटेजवळची तपासणी मात्र साधी आहे. खांदा, कोपर, मनगट, खुबा, गुडघा व घोटा यांच्या हालचालींचे बळ दोन्ही बाजूंना ० ते ५ गुणांनी मोजतात. एकूण ६० पैकी ४८ हून कमी गुण म्हणजे अतिदक्षताजन्य दुर्बलता. त्यासाठी रुग्ण शुद्धीवर हवा व त्याला सूचना कळायला हव्यात. गुंगीत असलेल्याची मोजणी होत नाही.

सेप्सिसनंतर दिसणारा विस्मरणासारखा बौद्धिक ऱ्हास आजारापूर्वीच सुरू झालेला असतो, असा आक्षेप घेतला जातो. अमेरिकेतील ज्येष्ठांच्या दीर्घकालीन पाहणीवर आधारलेल्या २०१० च्या अभ्यासात तीव्र सेप्सिसपूर्वी मध्यम ते गंभीर बौद्धिक क्षीणता ६.१ टक्क्यांत, तर नंतर १६.७ टक्क्यांत आढळली. पूर्वीची मोजणी हाती असल्याने हा पुरावा वजनदार ठरतो; आक्षेप पुरता मिटत नाही, इतकेच.

उपचारांत गुंगीची औषधे कमी ठेवणे व लवकर हालचाल सुरू करणे यांवर भर असतो. मात्र जास्त व्यायाम म्हणजे जास्त लाभ, असे नाही: २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, श्वसनयंत्रावरील रुग्णांना नेहमीपेक्षा वाढीव हालचाल दिल्याने निष्पत्ती सुधारली नाही, उलट अपायकारक घटना वाढल्या. अमेरिकेत सेप्सिसमधून वाचून घरी गेलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के रुग्ण ९० दिवसांत पुन्हा रुग्णालयात दाखल होतात, अनेकदा नव्या संसर्गामुळेच.