घरी बांधलेल्या विमानाचं पॅनेल बदलताय? अमेरिकेत कागद कुठे अडतात ते आधी वाचा

आरव्ही-६ किंवा आरव्ही-७ सारखं कुणीतरी हौसेनं बांधलेलं विमान सेकंडहँड घ्यायचं, जुने गोल डायल काढायचे आणि त्या जागी डायनॉन किंवा गार्मिनचा स्क्रीन बसवायचा, हा बेत आता अमेरिकेतल्या आपल्या लोकांतही बराच दिसतो. काम छान होतं, वायरिंग देखणं असतं, आणि विमान मात्र एका कागदापायी हँगरमध्ये अडकून पडतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांना डीजीसीएकडून (भारताची विमान-नियामक संस्था) नोंदणी मिळायला २०१७ साल उजाडलं. ती वाट पूर्ण वेगळी आहे. खालची माहिती फक्त अमेरिकेत नोंदलेल्या, 'एक्स्पेरिमेंटल अॅमॅच्युअर-बिल्ट', म्हणजे हौशी बांधणीच्या, प्रकारच्या विमानांची आहे.

परवानगी नको, पण कागद हवेत

अशा विमानाला देखभालीच्या नियमांचा भाग ४३ लागू होत नाही. त्यामुळे पॅनेल बदलायला एसटीसी (बदलाच्या आराखड्याची सरकारी मंजुरी) नको, फॉर्म ३३७ (मोठ्या बदलाची नोंद) नको, आणि स्क्रू फिरवणाऱ्याकडे मेकॅनिकचा परवानाही नको. हे ऐकलं की लोक खूश होतात आणि पुढचं ऐकतच नाहीत. कारखान्यात बनलेल्या सेसनाचं असं काम झालं की कागदांची काळजी मेकॅनिक घेतो. इथे ती सगळी मालकाच्या गळ्यात असते.

नोंदणी कुणाच्या नावावर

विमान स्वतःच्या नावावर करायला अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-१बी वर असाल तर पायलट होता येतं, मित्राच्या विमानाचं पॅनेल बसवता येतं, पण विमान थेट तुमच्या नावावर होत नाही. ट्रस्टचा मार्ग आहे. त्यात वकिलाशिवाय हात घालू नका. बयाणा देण्याआधी हे पाहा, नंतर नाही.

रिपेअरमन सर्टिफिकेटचंही, म्हणजे स्वतः बांधलेल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याच्या परवान्याचंही, तसंच. वय १८ पूर्ण, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक, आणि त्या विमानाचा मुख्य बांधणारा असल्याशिवाय ते मिळत नाही. इथे फार जण फसतात. सेकंडहँड विमानाचं अख्खं पॅनेल तुम्ही नव्यानं केलं, वर्षभर खपलात, तरी तुम्ही 'बांधणारे' ठरत नाही. वार्षिक कंडिशन इन्स्पेक्शन ए अँड पी (सांगाडा आणि इंजिन दोन्हींचा परवाना असलेल्या) मेकॅनिककडून किंवा ज्या मूळ बांधणाऱ्याकडे त्या विमानाचं रिपेअरमन सर्टिफिकेट आहे त्याच्याकडून करून घेता येतं. मेकॅनिककडे वरचं आयए (तपासणीचा जादा अधिकार) असण्याची मात्र गरज नाही.

जो कागद कुणाकडेच नसतो

विमानात गुलाबी रंगाचं एअरवर्दीनेस सर्टिफिकेट असतं, फॉर्म ८१३०-७. ते प्लास्टिकच्या पाकिटात नीट दिसतं, म्हणून खरेदीदार निर्धास्त होतो. पण त्या सर्टिफिकेटचा अर्धा जीव 'ऑपरेटिंग लिमिटेशन्स' या टाइप केलेल्या पानांत आहे. ती पानं सर्टिफिकेटचाच भाग आहेत आणि उड्डाणात विमानात असावी लागतात. विमान दोन-तीन हातांतून गेलं की नेमकी हीच पानं गायब होतात, किंवा शेवटचं पान तेवढं नसतं.

ड्रिल हातात घेण्याआधी ही पानं मिळवा. कारण बदलानंतर काय करायचं ते त्यांतच लिहिलेलं असतं, आणि त्यांचा मजकूर विमान कोणत्या वर्षी प्रमाणित झालं त्यावर ठरतो. मित्राच्या विमानाच्या अटी तुमच्या विमानाला लागू होत नाहीत. ओक्लाहोमा सिटीच्या नोंदणी शाखेकडून विमानाची संपूर्ण फाइल मागवता येते. बहुतेकदा प्रत तिथे सापडते. नाहीच सापडली, तर फॉर्म ८१३०-६ भरून आपल्या भागाच्या एफएए (अमेरिकेची विमान-नियामक संस्था) कार्यालयाकडे, म्हणजे सगळे ज्याला 'फिझडो' म्हणतात तिथे, नव्यानं मागावी लागते. यात वेळ जातो. पॅनेल उघडं पडलेलं असताना हा अर्ज करायची वेळ कुणावर येऊ नये.

बदल 'मेजर' आहे का?

नियम २१.९३ सांगतो की वजन, समतोल, मजबुती, विश्वासार्हता, उडण्याची वागणूक किंवा हवाई योग्यतेशी निगडित गोष्टींवर लक्षणीय परिणाम होत नसेल तो बदल मायनर. बाकी सगळे मेजर. डायल काढून त्याच कामाचा स्क्रीन बसवणं बहुधा मायनरमध्ये बसतं. पण सोबत ऑटोपायलटचे सर्व्हो (कंट्रोल हलवणाऱ्या मोटरी) आले, तर ते थेट कंट्रोलला जोडले जातात. तो बदल मी तरी मेजरच धरायला सांगतो. शंका असेल तर फिझडोला लेखी विचारा.

मेजर ठरला तर अलीकडच्या अटींप्रमाणे साधारण असं: चाचणीचा भाग नकाशावर दाखवून फिझडोला कळवायचा आणि तो योग्य असल्याची त्यांची संमती घ्यायची. बदलाची तपशीलवार नोंद चाचणीच्या उड्डाणाआधीच लॉगबुकात करायची. मग किमान ५ तास, दिवसा, व्हीएफआरमध्ये (बाहेर बघून उडवण्याच्या नियमांत), विरळ वस्तीवर उडवायचं, आणि उड्डाणाला आवश्यक नसलेलं कुणीही सोबत न्यायचं नाही. शेवटी विमान सुरक्षित असल्याचा ठरलेला मजकूर लिहून सही.

एका नकाशावर 'हरकत नाही' एवढं कळवायला काही कार्यालयं आठवडेच्या आठवडे लावतात, आणि तोवर चांगल्या हवामानाचा हंगाम निघून जातो. हे चीड आणणारं आहे. तरी उत्तर येण्याआधी उडू नका. ईमेल पॅनेल उतरवायच्या दिवशीच पाठवा आणि आलेलं उत्तर छापून लॉगबुकात चिकटवा.

स्टॅटिक आणि ट्रान्सपॉन्डर

'आम्ही फक्त व्हीएफआर उडवतो, आम्हाला टेस्ट नको' हे वाक्य अर्धंच खरं आहे. अल्टिमीटर (उंची दाखवणारं उपकरण) आणि स्टॅटिक प्रणालीची (त्याला बाहेरच्या हवेचा दाब पोहोचवणाऱ्या नळ्या) २४ महिन्यांची चाचणी नियंत्रित हवाई क्षेत्रातल्या आयएफआरसाठी (उपकरणांच्या भरवशावर उडण्यासाठी) बंधनकारक आहे. ट्रान्सपॉन्डरची (रडारला विमानाची ओळख आणि उंची कळवणारं यंत्र) २४ महिन्यांची चाचणी मात्र तो वापरणाऱ्या प्रत्येकाला लागते. शिवाय नवा ट्रान्सपॉन्डर किंवा उंची कळवणारा नवा एन्कोडर बसवला, की तो पाठवत असलेली उंची आणि अल्टिमीटर दाखवतो ती उंची जुळते का, हेही तपासावं लागतं. पॅनेल बदलताना हे जवळपास नेहमीच येतं. काम अधिकृत रिपेअर स्टेशनकडून करून घ्या. बरेच जण यंत्र घेऊन हँगरवर येतात.

नापास होण्याचं नेहमीचं कारण पॅनेलमागच्या बारीक नळ्या. नवा स्क्रीन जोडायला स्टॅटिकच्या नळीत एक टी-जोड येतो, तो हाताला न दिसणाऱ्या जागी अर्धवट बसतो, आणि हवा गळते. चाचणीत प्रणाली १००० फूट वर दाखवेपर्यंत हवा ओढतात आणि १ मिनिट थांबतात. तेवढ्यात १०० फुटांपेक्षा जास्त घसरण झाली की नापास. पॅनेल बंद करण्याआधी ही गळती स्वतः तपासा, नाहीतर सगळं पुन्हा उघडावं लागेल.

एडीएस-बी

१ जानेवारी २०२० पासून ठरावीक हवाई क्षेत्रांत एडीएस-बी आउट (विमानाची जागा आणि उंची सतत प्रसारित करणारी यंत्रणा) सक्तीचं आहे. एक्स्पेरिमेंटल विमानालाही यातून सूट नाही. बसवल्यावर अशा क्षेत्रात अर्धा तास तरी उडा आणि एफएएच्या संकेतस्थळावरून मोफत कामगिरी अहवाल मागवा. त्यात लाल रंग दिसला तर सेटिंग पाहा. सेकंडहँड ट्रान्सपॉन्डरमध्ये आधीच्या विमानाचा कोड तसाच राहिलेला असतो, ही चूक फार होते. तुमच्या एन नंबरचा (नोंदणी क्रमांकाचा) कोड नोंदणीच्या पानावरच मिळतो.

जुन्या पॅनेलबरोबर भंगारात जाणारी पट्टी

हे विमान हौशी बांधणीचं आहे आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम ते पूर्ण करत नाही, अशी सूचना प्रवाशाला दिसेल अशी लावावी लागते. ती बहुतेकदा जुन्या पॅनेलवर असते आणि त्याच्याबरोबर फेकली जाते. नवी आधीच करून ठेवा.

वजन आणि समतोलाचा कागदही नवा लागतो. व्हॅक्यूम पंप आणि त्यावर चालणारे जुने जायरो डायल गेले की पुढचं वजन कमी होतं आणि गुरुत्वमध्य मागे सरकतो. मागे सामान ठेवणाऱ्यांनी हा आकडा खरोखर काढावा. चुंबकीय होकायंत्र काढू नका. नव्या वायरिंगजवळ ते चुकतं, म्हणून त्याचं दुरुस्ती कार्ड नव्यानं बनवा.

तारखा

'१२ कॅलेंडर महिने' महिन्याच्या शेवटच्या दिवसाला संपतात. १० मार्च २०२५ ला झालेलं कंडिशन इन्स्पेक्शन ३१ मार्च २०२६ पर्यंत चालतं. पॅनेलच्या कामाची नोंद म्हणजे कंडिशन इन्स्पेक्शन नव्हे. जुनी तारीख तशीच पळत असते. आणि सही घेताना मजकूर वाचा. सेसनाची सवय असलेला मेकॅनिक 'अॅन्युअल' आणि 'एअरवर्दी' लिहून मोकळा होतो. तुमच्या अटींत 'सुरक्षित उड्डाणाच्या स्थितीत' अशा अर्थाचा मजकूर दिलेला असतो. शब्दशः तोच हवा. लगेच सांगितलं तर तो पाच मिनिटांत दुरुस्त करतो. विमान विकताना लक्षात आलं तर त्याला शोधत फिरावं लागतं.

नोंदणी २०२३ पासून ७ वर्षांची झाली आहे. ४०६ मेगाहर्ट्झचा ईएलटी (अपघातात संकट-संदेश पाठवणारं यंत्र) बसवला असेल तर त्याची नोंदणी वेगळी, नोआकडे (अमेरिकेची हवामान आणि सागर संस्था), आणि ती दर २ वर्षांनी ताजी करायची. कॅनडा किंवा मेक्सिकोला जायचं असेल तर विमानाचा रेडिओ परवाना आणि स्वतःचा ऑपरेटर परवाना एफसीसीकडून (अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था) घ्या. देशांतर्गत उड्डाणाला हे दोन्ही लागत नाहीत.