घिरट्या घालणारी ती गिधाडंच का?

‘आकाशात मोठे पक्षी गोल फिरत असतील तर ती गिधाडं, आणि खाली काहीतरी मेलेलं आहे,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. मेलेल्या जनावराभोवती गिधाडं जमतात हे खरं, म्हणूनच ही समजूत टिकली असावी. पण पुण्या-मुंबईत गच्चीवरून दिसतात त्या बहुतेक वेळा घारी.

घिरट्यांचं कारण हवेत आहे. ऊन चढलं की जमीन तापते, गरम हवा वर उठते. तिच्यात गोल फिरत राहिलं की पंख न मारता उंची मिळते. सकाळच्या गारव्यात आणि भर दुपारी, असं दोनदा आकाशाकडे बघा. फरक लगेच कळतो.

मग शेपूट बघा. घारीच्या शेपटीला टोकाशी उथळ खाच असते आणि वळताना ती शेपूट सुकाणूसारखी तिरकी करते. शेपूट पूर्ण पसरली की खाच जवळजवळ दिसेनाशी होते, म्हणून घाई नको. गिधाडाचे पंख खूप रुंद, शेपूट आखूड. कोकण किनाऱ्यावर पांढऱ्या डोक्याची, विटकरी अंगाची, गोलसर शेपटीची दिसली तर ती ब्राह्मणी घार.

गिधाडं आता फार थोडी उरली आहेत. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरांतून त्यांच्या पोटात गेलं आणि १९९०च्या दशकापासून ती झपाट्याने मेली. २००६ मध्ये भारतात त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. त्यामुळे खरंच गिधाड दिसलं, तर फोटो, जागा आणि वेळ जरूर नोंदवून ठेवा.