कोईच्या लाल डागाची कड

जपानच्या निइगाता प्रांतातला यामाकोशी आणि ओजियाचा परिसर डोंगराळ आहे आणि हिवाळ्यात तिथे भरपूर बर्फ पडते. तिथले भातशेतकरी खाण्यासाठी कार्प मासे पाळत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या करड्या माशांच्या वंशात लाल-पांढरे डाग असलेली पिल्ले निघू लागली, तेव्हा त्यांनी ती वेगळी काढून जपली. हेच आजचे शोभेचे कोई मासे. १९१४ मध्ये तोक्योच्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेले आणि जपानभर त्यांचे नाव झाले.

पांढऱ्या अंगावर लाल नक्षी असलेला मासा म्हणजे कोहाकु. त्यात काळ्या रंगाची भर पडली की सान्के किंवा शोवा, आणि नवखा माणूस इथेच हमखास गोंधळतो. सान्केचे काळे ठिपके पाठीवर सुटे सुटे उमटतात, डोके मात्र स्वच्छ राहते. शोवाचा काळा रंग पट्ट्यांसारखा पोटापर्यंत अंगाला वेढतो, डोक्यावर चढतो आणि छातीच्या परांच्या मुळाशीही गडद दिसतो. १९२७ च्या सुमारास आकाराला आलेली ही जात मला तिघांत सर्वांत देखणी वाटते.

काळा रंग मेलॅनिनचा असतो आणि तो मासा स्वतः तयार करतो. लाल रंगाची कॅरोटिनॉइड द्रव्ये मात्र त्याला शेवाळ, कोळंबीवर्गीय जीव किंवा स्पिरुलिना हे सूक्ष्म शेवाळ घातलेले खाद्य यांतूनच मिळतात. असे खाद्य अती झाले, तर पांढऱ्या भागावरही लालसर-पिवळट झाक येते. ओगोन या एकरंगी कोईची धातूसारखी चकाकी त्वचेतल्या ग्वानिनच्या स्फटिकांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची असते.

कोहाकु पाहताना लाल डागाची कड नीट न्याहाळावी. माशाचे खवले छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात आणि प्रत्येक खवल्याची मागची बाजू त्याच्यामागच्या, शेपटीकडच्या खवल्यावर चढलेली असते. त्यामुळे डागाच्या शेपटीकडच्या टोकाला लाल खवला पांढऱ्यावर येतो आणि कड कातरल्यासारखी रेखीव दिसते. डोक्याकडच्या टोकाला नेमके उलटे होते: तिथे अर्धपारदर्शक पांढऱ्या खवल्याखालून लाल रंग धूसर, गुलाबी असा डोकावतो. या धूसर पट्टीला जपानी कोईपालक ‘साशि’ म्हणतात, तर रेखीव कडेला ‘किवा’. कोवळ्या माशात साशि असणे ते दोष मानत नाहीत, कारण मासा वाढतो तसा लाल रंग दाट होतो आणि ही कडही हळूहळू आवळत जाते.