म्हापशातला 'म्ह' आणि गळ्यातील स्वरयंत्र

म्हापसा, म्हार्दोळ, म्हादई ही नावे गोव्यातील माणसाच्या तोंडी सतत असतात. रोमी लिपीत म्हापशाचे नाव लिहिताना त्यातला 'ह' गळून पडतो, परंतु शुक्रवारच्या बाजाराला निघालेल्या कोणाच्याही बोलण्यात तो स्पष्ट ऐकू येतो. हा 'म्ह' म्हणजे आधी 'म' आणि मग 'ह' असे दोन सुटे ध्वनी नव्हेत. ते एकमेकांत मिसळलेले असतात. 'म'साठी ओठ मिटतात हे खरे, पण त्यात मिसळलेला 'ह' ओठांवर घडत नाही. तो घडतो गळ्यातील स्वरयंत्रात.

श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला असलेल्या या अवयवाचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चांचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक अशा भागांचा आहे. पुढच्या बाजूला ढालीसारखी अवटू कूर्चा असते. पुरुषांच्या गळ्यावर कंठमणी म्हणून दिसतो तो तिचाच उंचवटा. तिच्या खाली अंगठीच्या आकाराची मुद्रिका कूर्चा असते आणि या अंगठीचा रुंद भाग मागे असतो. त्या रुंद भागावर दोन छोट्या, तिकोनी कूर्चा बसलेल्या असतात आणि त्या स्वतःभोवती वळू शकतात, तशाच सरकूही शकतात. अवटू कूर्चेच्या आतल्या कोनापासून या दोन कूर्चांपर्यंत जे ताणलेले असते, त्याला आपण स्वरतंतू किंवा स्वररज्जू म्हणतो. मला हे दोन्ही शब्द दिशाभूल करणारे वाटतात, कारण ते ऐकताच तंबोऱ्याची तार डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात तिथे तार नसते, तर दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून आत आलेल्या मऊ घड्या असतात: आत स्नायू, त्यावर लिबलिबीत थर आणि सर्वांत बाहेर पातळ, ओलसर त्वचा. प्रौढ पुरुषात त्यांची लांबी साधारण दोन सेंटीमीटर असते, स्त्रियांत त्याहून कमी. या घड्यांचे मूळ काम बोलणे नव्हेच. घास गिळताना त्या मिटून श्वासमार्ग बंद करतात, आणि त्यात चूक झाली की ठसका लागतो.

आवाज निघतो तो याच मिटण्या-उघडण्यातून. फुप्फुसांतून वर येणारी हवा मिटलेल्या घड्यांवर खालून दाब देते, दाब पुरेसा वाढला की घड्या विलग होतात, हवेचा एक झोत सुटतो, आणि लगेच घड्यांची स्वतःची लवचिकता व वेगाने वाहणाऱ्या हवेमुळे कमी झालेला दाब त्यांना पुन्हा जवळ आणतो. पुरुषांच्या साध्या बोलण्यात हे सेकंदाला सुमारे १२० वेळा घडते, तर स्त्रियांच्या बोलण्यात सुमारे २०० वेळा. १९५०च्या सुमारास राऊल ह्युसाँ या फ्रेंच संशोधकाने असे मांडले होते की, प्रत्येक कंपनासाठी मेंदूकडून वेगळा संदेश येतो. ते मत टिकले नाही, कारण उंच स्वरात गाणाऱ्या गळ्याइतक्या वेगाने मज्जातंतू संदेश पाठवू शकत नाहीत. शिवाय मृतदेहातून काढलेल्या स्वरयंत्राच्या घड्या जवळ आणून खालून हवा फुंकली, तरी ते वाजते. १९५८ साली व्हान डेन बर्ग या डच संशोधकाने मांडलेली, स्नायूंची लवचिकता आणि हवेचा प्रवाह यांवर आधारलेली उपपत्ती आजच्या समजुतीचा पाया आहे. मेंदू घड्यांची जागा आणि ताण ठरवतो. कंपन घडवते ती हवा.

अवटू आणि मुद्रिका या कूर्चा एकमेकींवर झुकल्या की घड्या लांब, पातळ आणि ताठ होतात व स्वर चढतो. मात्र इथे तयार होणारा ध्वनी केवळ गुणगुणाट असतो. त्याला 'आ' किंवा 'ई'चे रूप देण्याचे काम घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळ्या करतात.

वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालते, पण गळे आळीपाळीने बदलतात, आणि शरीराच्या दृष्टीने ते फार योग्य आहे. सेकंदाला १२० कंपने धरली, तर सलग तासभर निघणाऱ्या आवाजात घड्या ४,३२,००० वेळा एकमेकींवर आपटतात. ओरडून गाणाऱ्याच्या घड्यांवर मध्यभागी, म्हणजे आघात सर्वाधिक बसतो तिथे, कालांतराने गाठी येऊ शकतात. बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावेच, आणि धूम्रपान करणाऱ्याने तर मुळीच टाळाटाळ करू नये.

आता पुन्हा 'म्ह'कडे वळू. गळ्यावर बोट ठेवून लांब 'स' म्हटला तर काहीच जाणवत नाही, कारण घड्या दूर असतात. लांब 'म' म्हटला की बोटाखाली थरथर जाणवते, कारण घड्या जवळ येऊन कंप पावत असतात. 'म्ह' म्हणताना मात्र त्या कंप पावतात आणि तरीही पूर्ण मिटत नाहीत. त्यांच्यामधून थोडी जास्त हवा निसटते आणि तिची सळसळ नादात मिसळते. 'घ', 'ध', 'भ' यांतही हेच घडते. मराठी आणि कोंकणी बोलणारे मूल ही कसरत कोणी न शिकवता आत्मसात करते.

१८५४ साली मानुएल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकाने दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, त्यावर सूर्यप्रकाश टाकून आपल्याच गळ्यातील हलत्या घड्या पाहिल्या. त्याच्या कितीतरी शतके आधी, असा कोणताही आरसा नसताना, वेदपठणातील उच्चारांचे नियम सांगणाऱ्या तैत्तिरीय प्रातिशाख्य या प्राचीन ग्रंथात नोंद झालेली आहे की कंठ मिटला की नाद होतो, उघडला की श्वास, आणि या दोहोंच्या मधल्या स्थितीत हकार.