शीतप्रदेशातील पदभ्रमणाचे ऊबदार बूट

बर्फाळ किंवा गोठणबिंदूखालील हवामानात पायी प्रवास करताना पायांची ऊब टिकावी, बाहेरची ओल आत शिरू नये आणि निसरड्या पृष्ठावर पकड मिळावी यासाठी उष्णतारोधक थर घालून तयार केलेली पादत्राणे. विजेवर तापणारे प्रकार सोडल्यास बूट स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. रक्ताने पायापर्यंत आणलेली उष्णता बाहेर जाण्याचा वेग तो कमी करतो, एवढेच. म्हणून बुटाची जाडी जितकी महत्त्वाची, तितकेच किंबहुना त्याहून अधिक महत्त्व पायातील रक्तप्रवाहाला आणि बुटाच्या आतील कोरडेपणाला असते. खरेदीच्या वेळी मात्र नेमक्या याच दोन गोष्टींचा विसर पडतो.

शरीर गारठू लागले की छाती-पोटातील अवयवांचे तापमान राखण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. पायाच्या बोटांत उष्णता निर्माण करणारे मोठे स्नायू नसल्याने सर्वांत आधी तीच थंड पडतात. यामुळेच टोपी किंवा जाकीट अपुरे असेल, पोट रिकामे असेल किंवा माणूस बराच वेळ एका जागी उभा असेल, तर उत्तम बुटातही बोटे बधिर होतात. दुसरी अडचण घामाची. दोन्ही पायांत मिळून सु. 2,50,000 घर्मग्रंथी असतात आणि चढावर त्या भर थंडीतही काम करीत राहतात. पाण्याची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या सु. 25 पट असल्यामुळे तंतूंमध्ये कोंडलेल्या हवेची जागा ओलाव्याने घेतली की अस्तर निरुपयोगी होऊ लागते. पाय फार काळ ओले राहिल्यास गोठणबिंदूच्या वरच्या तापमानातही त्यांना इजा होते. हिमदंशासाठी मात्र ऊतके प्रत्यक्ष गोठावी लागतात.

थंड प्रदेशांतील लोकांनी ओल आणि ऊब यांची सांगड फार पूर्वीच घातली होती. उत्तर यूरोपातील सामी लोक रेनडिअरच्या कातड्याच्या बुटात वाळवलेले गवत भरीत आणि रात्री ते बाहेर काढून सुकवीत. रशियातील दाबलेल्या लोकरीचे ‘वालेन्की’ बूट कोरड्या बर्फात उत्तम ठरतात, परंतु बर्फ वितळू लागताच त्यांवर रबरी आवरण चढवावे लागते. आल्प्समधील गिर्यारोहक तळाला लोखंडी खिळे ठोकलेले चामडी बूट वापरीत. खिळ्यांमुळे पकड मिळे, पण त्यांच्यातूनच थंडी तळव्यापर्यंत पोहोचे. 1935 मध्ये आल्प्समधील पुंता रासिका शिखरावर सहा गिर्यारोहक दगावल्यानंतर त्यांचे सहकारी व्हिताले ब्रामानी यांनी खोल खाचांचा रबरी तळ तयार केला. 1937 पासून तो प्रचारात आला आणि खिळ्यांचा काळ सरला.

ओलाव्याचा प्रश्न किती अटीतटीचा असतो, हे 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेत दिसून आले. त्या मोहिमेच्या अतिउंचीवरील बुटांत कापोक या कापसासारख्या वनस्पतिजन्य तंतूंचा जाड थर घातलेला होता. सु. 8,500 मी. उंचीवरील शेवटच्या छावणीत एडमंड हिलरी यांनी रात्री आपले ओलसर बूट काढून ठेवले. 29 मेच्या पहाटे ते गोठून कडक झालेले आढळले आणि स्टोव्हवर शेकून त्यांना पायात घालण्याजोगे करण्यात सु. दोन तास गेले. तेनसिंग नोर्गे यांनी आपले बूट रात्रभर पायांतच ठेवले होते.

आजच्या दुहेरी बुटांनी ही अडचण बरीच दूर केली आहे. त्यांत बाहेरचे कवच आणि आतला मऊ बूट, म्हणजे लायनर, हे वेगळे असतात. रात्री लायनर काढून स्लीपिंग बॅगमध्ये ठेवता येतो, तंबूत पायात घालून वावरता येते आणि सकाळी तो उबदार मिळतो. बर्फावर अनेक रात्री मुक्काम असेल तर हाच प्रकार योग्य ठरतो. एका दिवसाच्या फेरीला किंवा रोज शेकोटीजवळ मुक्काम असणाऱ्या मार्गाला एकेरी अस्तराचे बूट पुरतात आणि ते हलके असल्याने चालणेही सुकर होते. पायावरचे वजन पाठीवरील तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी अधिक दमवते. रबरी तळ, चामडी वरचा भाग आणि नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, सुटे अस्तर असलेले बूट सपाट बर्फात चांगले ठरतात, मात्र घोट्याला पुरेसा आधार नसल्याने तीव्र उतारावर ते डगमगतात. क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात पकडीसाठी बुटाखाली बांधायचे अणकुचीदार धातूचे काटे, लावावे लागणार असतील तर ताठ तळाचा आणि क्रॅम्पॉनच्या पकडीसाठी खाच असलेलाच बूट हवा. घामाचा ओलावा अस्तरात जाऊच नये म्हणून मोज्यावर बाष्परोधक पातळ पिशवी घालण्याची पद्धत दीर्घ ध्रुवीय प्रवासांत आहे. पाय दमट राहतात, पण अस्तर कोरडे राहते. अमेरिकी लष्कराच्या रबरी बुटांत हेच तत्त्व वेगळ्या रीतीने वापरले आहे: लोकरीचा थर दोन रबरी थरांमध्ये बंद केलेला असतो.

विक्रीच्या चिठ्ठीवर 200, 400 किंवा 800 ग्रॅम असे आकडे असतात. ते अस्तराच्या दर चौरस मीटरमागील वजन दर्शवितात, उबेचे माप नव्हे. दोन वेगळ्या पदार्थांची तुलना त्यांवरून करणे चुकीचे आहे. ‘उणे 30 अंशांपर्यंत’ असा दावा चालत्या माणसासाठी आहे की उभ्या, हे बहुधा सांगितलेले नसते आणि निरनिराळे उत्पादक तो निरनिराळ्या रीतीने ठरवितात. कामगारांच्या सुरक्षा-बुटांसाठी मात्र निश्चित चाचणी आहे. बुटात पोलादी गोळ्या भरून तो उणे 17 अंश से. तापमानात 30 मिनिटे ठेवतात. आतील तापमान 10 अंशांपेक्षा अधिक उतरले नाही तर त्यावर ‘सीआय’ (कोल्ड इन्सुलेशन, म्हणजे थंडीरोध) हे चिन्ह देता येते. ही चाचणीही तळाच्या उष्णतारोधाविषयी सांगते, दिवसभराच्या चालीत पाय उबदार राहतील याची हमी देत नाही.

मापाच्या बाबतीत घट्टपणा हा मोठा शत्रू होय. थंडीच्या भीतीने मोज्यांचे तीन जोड चढविणाऱ्याचे पाय एका जाड लोकरी मोज्यात वावरणाऱ्यापेक्षा लवकर गारठतात, कारण दाबाने रक्तप्रवाह अडतो आणि चेपलेल्या लोकरीत हवाही उरत नाही. बूट प्रवासातल्याच मोज्यांसह, पाय किंचित सुजलेले असताना, म्हणजे संध्याकाळी घालून पाहावेत. नाडी बांधून उतरत्या फळीवर उभे राहिल्यास बोटे पुढे आदळता कामा नयेत, ती मोकळेपणाने हलली पाहिजेत आणि टाच मात्र जागची उचलली जाऊ नये. तळव्याखालचे अस्तर शरीराच्या भाराने दबते, म्हणून तेथे मऊ कापसापेक्षा न दबणारा नमदा किंवा बंद पेशींचा फोम हवा. जुना किंवा भाड्याचा बूट घेताना तळाचा जोड वाकवून पाहणे आवश्यक असते: पॉलियुरेथेनचा मधला थर नुसता पडून राहिला तरी हवेतील दमटपणाने काही वर्षांत ठिसूळ होतो, आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या बुटाचा तळ अशा वेळी वाटेतच सुटून येतो.