दुसऱ्या कंपनीची शाई आणि हेड क्लीनिंग

एक मेसेज कायम फिरतो, की इंकजेट प्रिंटरमध्ये दुसऱ्या कंपनीची शाई भरल्यावर फोटोचे रंग बिघडले तर रंग नीट येईपर्यंत हेड क्लीनिंग, म्हणजे शाई सोडणारं हेड साफ करायची प्रिंटरमधली सोय, वापरत राहा. असं नका करू हो, त्यात शाई खूप वाया जाते. आधी नोझल चेक काढा, म्हणजे हेडच्या बारीक छिद्रांतून शाई नीट येते का ते दाखवणारं रेघांचं पान. रेघा तुटक असतील तर क्लीनिंग ठीक, पण सगळ्या अखंड असतील तर हेड साफच आहे, मग गडबड बहुतेक प्रोफाइलची, म्हणजे कुठल्या रंगाला किती शाई सोडायची हे ठरवणाऱ्या माहितीची, कारण प्रिंटरमधलं प्रोफाइल मूळ शाई आणि ठरावीक कागद धरून बनवलेलं असतं. खात्री करायला एक करड्या छटांची पट्टी छापा, वाळू द्या, दिवसाच्या उजेडात बघा. हिरवट किंवा गुलाबी झाक दिसली तर त्या शाई-कागदाच्या जोडीचं आयसीसी प्रोफाइल (अशा माहितीची प्रमाणित फाइल) लावा, आणि हो, तेव्हा ड्रायव्हरमधलं (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) कलर करेक्शन बंदच ठेवा, नाहीतर रंग दोनदा बदलतात.